स्वर मिळविणें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं शाळेच्या गायनवृंदाच्या निवृत्त शिक्षकांनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, हा मी माझा बहुमान समजतों. वास्तविक बोलणें हा माझा व्यवसाय नव्हे. १९८७ पासून २०१८ पर्यंत एकतीस वर्षें मीं आपल्या शाळेंतील मुलामुलींना गावयास शिकविलें, आणि गायनाच्या मास्तरानें जितकें थोडें बोलावें तितकें मुलांच्या हिताचें असतें. परंतु फादरांनीं "शिक्षण, श्रद्धा आणि संगीत" असा विषय मला नेमून दिला आहे. ह्या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध मला कोणत्याहि ग्रंथानें नव्हे, तर एका मुलानें शिकविला. त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवतों. ती सांगतांना मला माझा एक अपराधहि सांगावा लागणार आहे. पण जुबिलीच्या वर्षीं तो सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षीं ज्याचें वतन गेलें असेल त्यास तें परत मिळावयाचें असे. मीं एका मुलाचें वतन हिरावून घेतलें होतें. तें वतन जमिनीचें नव्हतें. तें त्याच्या कंठांत होतें.

१९९१ च्या जानेवारींत दृढीकरण संस्कारासाठीं बिशप महाशय आपल्या देवळांत यावयाचे होते. त्या वेळीं वृंदांत चाळीस मुलें होतीं. सहाव्या इयत्तेंतील अकरा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या रांगेंत उभा राही. तालमीस तो एक दिवस चुकला नाहीं; शब्द त्याचे सर्वांच्या आधीं पाठ होत. परंतु आमचा षड्ज पांढरी चारचा, आणि हा मुलगा पांढरी दोनच्या आसपास एकाच जागीं घुटमळे. इतर मुलें वर चढत, खालीं उतरत. हा आपल्या जागेवरून हालत नसे. सोहळा आठ दिवसांवर आला, तेव्हां मीं त्याला बाजूला घेऊन सांगितलें, "तूं रांगेंत उभा राहा, पण नुसते ओठ हालव. आवाज काढूं नको." त्यानें मान डोलविली. तो रागावला नाहीं, रडलाहि नाहीं.

मिस्सा उत्तम झाली. गायनांत कोठें उणें पडलें नाहीं. लोकांनीं स्तुति केली आणि ती मीं आनंदानें स्वीकारली. देवळाच्या दाराशीं त्या मुलाची आई मला भेटली. पहाटेच्या गाडीनें भाजीची पाटी घेऊन मुंबईच्या बाजारास जाणारी ती कष्टाळू बाई. त्या दिवशीं बाजार बुडवून आली होती. ती म्हणाली, "मास्तर, एवढ्या पोरांत माझ्या पोराचा आवाज मला बरोबर ओळखूं आला. देव तुमचें भलें करो."

मुलगा तिचा हात धरून उभा होता. त्यानें एकवार माझ्याकडे पाहिलें आणि दृष्टि खालीं वळविली. खरें काय तें आईला सांगणें त्याला सहज शक्य होतें. परंतु त्यानें आईचा आनंद राखला आणि माझी लाजहि राखली.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. देवळांत एकहि स्वर चुकला नव्हता, असें सर्वांचें मत होतें. पण ज्याच्यापुढें आम्ही गात होतों, त्याच्या कानीं काय पडलें असेल? वेदीसमोरच्या चाळीस मुलांपैकीं एक जण प्रार्थनेचें सोंग करीत होता, आणि तें सोंग मीं त्यास शिकविलें होतें. संत ऑगस्टीन ह्यांनीं आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडांत कबूल केलें आहे कीं, गाइल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षां गाण्याचाच मोह मनास अधिक पडला म्हणजे आपल्या हातून दोष घडतो. हेंच संत तरुणपणीं मिलान शहरांतील देवळांत स्तोत्रें ऐकून अश्रु ढाळीत होते. तेव्हां ते संगीताचे वैरी होते असें कोणी म्हणणार नाहीं. गोड गाण्यांत काय धोका असतो, हें त्यांना ठाऊक होतें. मला तें त्या रात्रीं कळलें.

पुढच्या सोमवारीं शाळा सुटल्यावर मीं त्या मुलास थांबवून घेतलें. तोंवर माझी शिकविण्याची रीत अशी होती कीं, आपण पेटीवर स्वर धरावा आणि मुलास सांगावें, "हा लाव." ज्याला तो लागे तो वृंदांत राही, ज्याला लागत नसे, त्याला देवानें गळा दिला नाहीं असें आपण ठरवून मोकळें व्हावें. त्या दिवशीं मीं पेटीचा भाता बंद ठेवला आणि त्याला म्हटलें, "तुला सोपें वाटेल तें ओठ मिटून गुणगुण." तो भीत भीत गुणगुणला. तो स्वर मीं पेटीवर शोधला. तो पांढरी दोनच होता. मग मीं स्वतः खालीं उतरून त्याच स्वरांत त्याच्याबरोबर गुणगुणूं लागलों.

दोन स्वर जवळजवळ सारखे पण पुरते एक नसले, म्हणजे त्यांच्यांत एक प्रकारची थरथर ऐकूं येते. ते एक झाले कीं ती थरथर निवते. आमचे दोघांचे आवाज कांहीं वेळ असे थरथरत राहिले आणि मग एकाएकीं स्थिर झाले. मुलानें चमकून वर पाहिलें. "मास्तर, थांबलें," तो म्हणाला. दुसऱ्याशीं स्वर मिळणें म्हणजे काय, हें त्यानें आयुष्यांत प्रथमच ऐकलें होतें. आजवर त्याला कोणी त्याच्या जागीं येऊन भेटलें नव्हतें. मग मिलाफ कसा असतो हें त्याला कळावें कोठून?

पुढें आम्ही घाई केली नाहीं. पांढरी दोन पक्की झाली तेव्हां काळी दोन. मग पांढरी तीन. मग पांढरी चार. रोजचीं दहा मिनिटें. त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण ३१ मार्चला आला. सणाच्या आदल्या रात्रींच्या विधींत तो दुसऱ्या रांगेंत उभा राहून खऱ्या आवाजानें गाइला. फार सुरेल गाइला असें मी म्हणत नाहीं. पण तो गाइला. त्यानंतर मीं एकाहि मुलाला ओठ हालवावयास सांगितलें नाहीं. अनुभवानें सांगतों कीं, ज्या मुलांना आपण बेसूर म्हणतों, त्यांतील बहुतेकांचा गळा निकोप असतो; त्यांना ऐकावयास कोणी शिकविलेलें नसतें, एवढेंच. जन्मतःच स्वरभेद कळत नाहीं असें मूल फार क्वचित् असतें. मुलग्यांचा आवाज बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास फुटतो, तेव्हां तर त्यांना अधिकच जपावें लागतें. त्या वयांत एकदां "गप्प बस" म्हटलें, कीं पुष्कळ जण जन्मभर गप्प बसतात.

संत पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत, श्रद्धा श्रवणानें येते, असा बोध केला आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत मीं तो अनेकदां सांगितला होता. त्याचा अर्थ मला पेटीसमोर उमगला. आणि त्याहून मोठी गोष्टहि तेथेंच उमगली. आपण प्रतिवर्षीं नाताळांत ज्या रहस्यापुढें गुडघे टेकतों, तें काय आहे? देवानें उंच स्वर्गांत आपला स्वर धरून "हा लावा" असें म्हटलें नाहीं. तो खालीं आला. मानवाच्या घरीं, मानवाच्या भाषेंत, सुताराच्या पोराच्या आवाजांत तो बोलला. प्रथम त्यानें आपला स्वर धरला, आणि मग हळूहळू आपणांस वर नेलें. जो गुरु शिष्याच्या स्वरापर्यंत उतरत नाहीं, त्याला हें रहस्य तोंडपाठ असेल; पण तें त्याच्या हातांत उतरलेलें नसतें.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील थोर शिक्षकांनीं हेंच केलें. अकराव्या शतकांतील आरेझोचे गीदो नांवाचे बेनेडिक्टपंथीय मठवासी पाहा. स्तोत्रें पाठ करण्यांत लहान गायकांचीं वर्षामागून वर्षें जात, तें पाहून त्यांनीं संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नांवें दिलीं आणि रेघांवर स्वर लिहिण्याची पद्धति व्यवस्थित केली. आपल्या सा रे ग म सारखी पाश्चात्य सरगम तेथून चालत आली. गोव्याच्या गांवोगांवच्या धर्मग्रामीय शाळांतून हीच सरगम शतकानुशतकें शिकविली गेली, आणि तेथून निघालेल्या वादकांनीं मुंबईचे बँड व चित्रपटांचे वाद्यवृंद भरून टाकले. एका शिक्षकास मुलांची दया आली, त्याचें हें फळ.

आपल्या मराठीचें उदाहरण तर याहून जवळचें आहे. इंग्लंडांत जन्मलेले जेज्वीट धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. येथील लोकांनीं माझी भाषा शिकावी, असें ते म्हणाले नाहींत. त्यांनीं मराठी आत्मसात केली, जात्यावरच्या बायकांच्या मुखीं असलेली आणि संतांनीं वापरलेली ओवी उचलली, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें आणि देवळादेवळांतून गाइलें गेलें. परदेशच्या ह्या गुरूनेंहि आधीं आपला स्वर धरला.

पोप दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. देवळांतील गायन नाटकगृहाच्या थाटाचें होऊं नये, लोकांनीं पुन्हां गावयास लागावें, असा त्याचा रोख होता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधीं जें संविधान प्रसिद्ध केलें, त्यांत गायनवृंद जोपासावेत असें सांगितलें. पण त्याच वाक्यांत, सर्व भाविकांना आपला वाटा उचलतां यावा, असेंहि बजावलें. वृंद लोकांच्या पुढें असतो तो वाट दाखविण्यासाठीं. त्यांच्या बदलीं चालण्यासाठीं नव्हे.

बंधुभगिनींनो, येथें मला एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. १९९१ सालीं मीं एका मुलाला जें सांगितलें, तेंच आपण आज सबंध धर्मग्रामाला सांगत आहोंत. ध्वनिवर्धक मोठा झाला आहे, कीबोर्ड आले आहेत, तालीम चांगली होते. आणि बांकांवर बसलेल्यांचे ओठ नुसते हालतात. कित्येकांचे तर हालतहि नाहींत. चांगलें गाणारे गातात आणि बाकीचे ऐकतात. ऐकतांना आपणांस सुख वाटतें, म्हणून ही उणीव कोणाच्या लक्षांत येत नाहीं. माझ्याहि लक्षांत ती आली नसती. पण त्या आईच्या आशीर्वादानें माझे कान उघडले.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली वृंदाच्या तरुणांना. गीत ज्या पट्टींत तुमचा गळा शोभतो तींत धरूं नका; शेवटच्या बांकावरच्या आजीला पेलेल तींत धरा, आणि ध्वनिवर्धक एवढा ठेवा कीं तिचा आवाज तिला स्वतःला ऐकूं यावा. दुसरी शिक्षकांना. चाल शिकविण्याआधीं शब्द वाचा, अर्थ सांगा, आणि क्षणभर शांत राहा. ज्याला शांतता ऐकतां येत नाहीं त्याला स्वरहि ऐकतां येत नाहीं. तिसरी पालकांना. संध्याकाळच्या जपमाळेनंतर घरीं एक तरी गीत सर्वांनीं मिळून म्हणा. कोणाचा आवाज कसाहि असो, हंसूं नका. मूल गावयास प्रथम शिकतें तें घरीं, आणि गप्प बसावयासहि तेथेंच शिकतें.

आतां त्या मुलाचें पुढें काय झालें, तें सांगून पुरें करतों. तो गवई झाला नाहीं. तो वाडी करतो, केळीं लावतो, आणि रविवारीं आपल्या मुलांसह मधल्या बांकावर बसतो. २०१९ च्या पावसाळ्यांत त्याची आई देवाघरीं गेली. अंत्यविधि कामाच्या दिवशीं दुपारीं होता. वृंदांतील तरुण मंडळी मुंबईस आपापल्या कचेऱ्यांत गेलेली. धर्मगुरु वेदीपाशीं आले, आणि गीत उचलावयास कोणी नव्हतें. मी मागच्या बांकावर होतों. सेवानिवृत्त झालेला मनुष्य, पुढें जावें कीं न जावें अशा विचारांत मी असतांनाच पहिल्या बांकावरून त्यानें गीत सुरू केलें. आवाज भरून आलेला होता, कंप पावत होता. पट्टी नेहमींपेक्षां पुष्कळ खालची होती. मीं मनांतल्या मनांत ताडून पाहिली. ती पांढरी दोन होती.

आणि ती खालची होती म्हणूनच सर्वांना पेलली. म्हातारे गाऊं लागले, तिच्याबरोबर बाजारास जाणाऱ्या बायका गाऊं लागल्या. दुसऱ्या कडव्याला सारें देऊळ गात होतें. मीहि त्याच्या स्वरांत माझा स्वर मिळविला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं त्या माउलीनें जो आवाज ऐकला असें तिला वाटलें होतें, तो त्या दिवशीं तिच्यासाठीं खरोखर उठला होता.

धर्मग्रामाच्या पुढच्या पन्नास वर्षांसाठीं मी देवापाशीं इतकेंच मागतों, कीं ह्या देवळांत कोणाचेहि ओठ नुसते हालूं नयेत. परमेश्वर आपलें सर्वांचें कल्याण करो.