मंडळाच्या लॅपटॉपचे बटन
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. "लॅपटॉपचे काय झाले ते सगळ्यांना एकदा नीट सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी आहे.

आपला लॅपटॉप जुना, हे आपण जाणतोच. त्यावर विंडोज १० होते. कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ त्या यंत्राला चालेना. दिवाळीला माझा भाचा आला होता, त्याने त्यावर लिनक्स घालून दिले. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले आणि आतली सगळी कृती जगापुढे उघडी ठेवली. पैसे पडत नाहीत. भाच्याने मोबाइलची तार जोडून काम उरकले आणि रात्रीची गाडी पकडली. बिनतारी नेट चालते की नाही, हे पाहायचे राहूनच गेले.

चालत नव्हते. वरच्या रांगेतल्या वायफायच्या बटनावर आपण किती जणींनी बोटे दुखेपर्यंत दाबून पाहिले! पडद्यावर एकच उत्तर : यंत्रातल्या स्विचने बंद केले आहे. दुरुस्तीवाल्याने कार्ड जळले म्हणून चोवीसशे रुपये सांगितले. फराळाच्या विक्रीतून आपल्याकडे उरले होते एकतीसशे. तिकडे मुलींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आलेली. दर अर्जाला कोणाचा तरी मोबाइल तारेने अडकवून ठेवायचा, आणि त्याच वेळी तिच्या घरून फोन यायचा. वैतागून "भंगारात द्या" असे म्हणणारी पहिली मीच होते, ते आज सर्वांसमोर कबूल करते.

शेवटी भाच्याला फोन लावला. तो एकेक अक्षर सांगे, मी टाइप करी. पहिलाच शब्द 'आरएफकिल' आणि पुढे 'लिस्ट'. किल म्हणजे ठार मारणे एवढे इंग्रजी सातवीपर्यंत मलाही आले आहे, त्यामुळे हात थबकला. पण हा तर रेडिओलहरी बंद-चालू करण्याचा हुकूम निघाला. लिस्ट म्हटले की तो नुसती यादी दाखवतो, बिघडवत काही नाही.

यादीत वायफायच्या दोन नोंदी आल्या. प्रत्येकीखाली दोन ओळी, 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. सॉफ्ट म्हणजे घरातले भिंतीवरचे बटन, ते हुकमाने उघडता येते. हार्ड म्हणजे मीटरजवळचा मेन स्विच, तिथे हुकूम चालत नाही. आपल्या कार्डाच्या नोंदीत दोन्हीकडे 'नो' होते. कार्ड जळलेले असते तर ते यादीत आलेच नसते, असे भाचा म्हणाला. (दुरुस्तीवाल्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. त्याने यादी पाहिली नाही, इतकेच.) दुसऱ्या नोंदीत मात्र हार्डपुढे 'यस'.

ही दुसरी नोंद कोणाची? लॅपटॉपच्या खास कळा सांभाळणारा एक छोटा कार्यक्रम लिनक्समध्ये असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याची. काही यंत्रांना कडेला सरकवायचा खरा स्विच असतो. आपल्या यंत्राला तो नाहीच. तरी हा ड्रायव्हर स्विच आहे असे धरून चालला आणि तो बंद आहे असे सांगत बसला. घर सताड उघडे, घरात माणसे, आणि दारावरचा म्हातारा पहारेकरी येईल त्याला "मालक गावाला गेलेत" म्हणून परत पाठवतो, तसे.

मग त्या पहारेकऱ्याला रजा दिली. 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी ओळ लिहिली, तेव्हा परवलीचा शब्द मागितला. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटेना. मला वाटले कळाही गेल्या! पण ती तिथली रीतच आहे. एंटर दाबले, आणि क्षणभराने शेजाऱ्यांच्या वायफायची नावे खाली ओळीने उभी राहिली. अध्यक्षीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, त्या चष्म्याचे कारण सांगतात. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो परत येऊ नये म्हणून एका फाइलमध्ये 'ब्लॅकलिस्ट' हा शब्द आणि पुढे त्याचे नाव, अशी एक ओळ लिहून ठेवली.

एक तोटा झाला. त्याच्याबरोबर टचपॅड बंद करण्याची कळ गेली, आणि वायफायचे मूळ बटन मुकेच राहिले. पण सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली आपल्या मनाची कळ नेमता येते. तिथे 'आरएफकिल टॉगल डब्ल्यूलॅन' हा हुकूम लिहिला आणि कंट्रोल, आल्ट व डब्ल्यू या तीन कळा नेमून दिल्या. एकदा दाबल्या की नेट बंद, पुन्हा दाबल्या की चालू.

त्या आठवड्यात उरलेले अर्ज आपल्या मंडळातूनच भरले गेले.

सर्व ओळी मी वहीत मोठ्या अक्षरांत उतरवल्या आहेत. मधल्या मोकळ्या जागांवर फुली केली आहे, कारण जागा चुकली तर हुकूम चालत नाही. वही भिशीच्या हिशोबाशेजारी कपाटात आहे. आणि तीन कळांवर लाल टिकल्या लावल्या आहेत, त्या कोणी काढू नयेत. निघाल्याच तर खणात पाकीट आहे.