दवाखान्याच्या अलीकडचं आरोग्य

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथं रुग्णसेवा सुरू केली आणि आजही कर्नाटकातले रोगी मिरज गाठतात. शिवाय कृष्णाकाठी ऊस आहे, कारखाने आहेत. डॉक्टर आणि पैसा एवढ्यावर आरोग्य मिळत असतं, तर सांगली-साताऱ्याला काळजीचं कारण नव्हतं. पण २०११च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ९००देखील भरल्या नाहीत. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले. मुलीच्या जिवाचा निकाल जन्माआधीच लागत होता, आणि त्यासाठी डॉक्टरकीच हाताशी धरली होती. जिचं येणंच नको होतं, तिला ताप आल्यावर दवाखान्याची वाट कधी धरली जाईल, हे वेगळं सांगायला नको.

आता उसाच्या फडाकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. आपल्याच जतच्या, माणच्याही असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची असते. दिवस चुकला की खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. राहायला कोपी, संडास नाही, पाणी लांबून आणायचं, आणि पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावरच. या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची चौकशी करायला २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कुणी म्हणेल, ऑपरेशनला होकार त्यांचाच होता. होता. पण ना रजा, ना जवळ दवाखाना, आणि उद्याचा खाडा डोक्यावर, अशा वेळच्या होकाराला निवड म्हणता येत नाही. चुकीचा सल्ला देणारे डॉक्टर दोषी आहेतच. त्यांना गिऱ्हाईक मात्र खाड्यानं मिळवून दिलं.

दुसरा आक्षेप सवयींचा: तंबाखू सोडा, नीट जेवा. सवयींचा वाटा खोटा नाही. पण लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला, तो ऐकण्यासारखा आहे. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी उपचार; तरी खालच्या पायरीवरच्यांचा मृत्युदर वरच्यांहून बराच जास्त निघाला. सिगारेट, रक्तदाब हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. तिथल्या पगारी कारकुनाची ही गत, तर उचलीवर जगणाऱ्या बाईला नुसता उपदेश करणं सोपं आहे, आणि फुकटही. येत्या गळीत हंगामाआधी कारखान्यांनी फडाजवळ पाणी आणि संडास द्यावेत, पाळी-आजारपणाचा खाडा बंद करवावा, आणि हा खर्च उपकार म्हणून नव्हे, तर साखरेच्या उत्पादनखर्चात मांडावा.