कर्णनाद : आपल्या धंद्याचे न मांडलेले देणे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपण तांबट. तांब्याच्या पत्र्याला घाट देणे व मठारून त्यास बळकटी आणणे हा आपला पिढीजात व्यवसाय. पुण्याची तांबट आळी घ्या वा आपले नगर घ्या, ठोक्यांचा नाद हीच आपल्या वस्तीची खूण असे. त्या नादाने आपली घरे चालली. परंतु त्याने आपल्या कानांकडून काय वसूल केले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

बाहेर आवाज नसता कानात शिट्टी, गुणगुण वा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे, यास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेतील २८ कर्णरोगांत त्याची गणना आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी तर अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेविले की, व्हेनिसच्या तांबटांचे कान दिवसभराच्या ठोक्यांनी निकामी होतात. तात्पर्य, हा दोष प्रारब्धाचा नव्हे, आवाजाचा आहे.

आपल्या अंतर्कर्णात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात व पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारे संदेश घटले म्हणजे मेंदू ती उणीव भरून काढू पाहतो व त्यातून नसलेला नाद उमटतो, असे आजचे शास्त्र मानते. रात्रीच्या शांततेत, काळजीने वा जागरणाने तो वाढलेला भासतो. तेव्हा नाद वाढला म्हणजे कान अधिक बिघडलाच, असे समजून घाबरू नये. कधी कानातील मळ, कधी एखादे औषधही त्यास कारण असते.

म्हणून प्रथम कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाची तपासणी करून घ्यावी. हा नाद समूळ घालविणारे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. सबब जाहिरातींच्या थेंबांवर पैसा दवडू नये व कानात कढत तेल घालू नये. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे. बाहेरचे बोल परत आले की आतला नाद मागे सरतो. निजताना पंखा वा मंद रेडिओ सुरू ठेवावा. नादावरून मन काढण्याची शिकवण देणारे मानसोपचारही उपयोगी पडतात. मात्र एकाएकी ऐकू येईनासे झाले तर एक दिवसही थांबू नये. नाद एकाच कानात असला, नाडीबरोबर ठोके देऊ लागला किंवा सोबत चक्कर आली, तरीही डॉक्टरांस अवश्य दाखवावे.

खरे दुःख निराळेच आहे. कारागीर हा विकार लपवितो. चारचौघांत बोलणे कळत नाही म्हणून मुकाट बसतो, आणि घरची मंडळी त्याला तऱ्हेवाईक ठरवितात. दुसरीकडे, हातोडा कधी हाती न घेतलेली आपली मुले मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे नाचून तोच विकार विकत घेतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पाळण्याचा आरंभ आपल्या समाजाच्या मिरवणुकीपासून का होऊ नये?

माझ्या दोन सूचना आहेत. पुढील मेळाव्यात श्रवणतपासणीचे शिबिर भरवावे, आणि प्रत्येक कार्यशाळेत हातोड्याशेजारी कानांचे संरक्षक टांगलेले असावे. धंदा टिकावा, तसा धंदा करणाऱ्याचा कानही टिकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.