बासरीची बैठक

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



बासरी वाजवणाऱ्या माणसाला बोलायला उभे करणे हा थोडा धोका असतो. आमचा सारा श्वास एरवी वेळूत जातो. शब्दांसाठी फारसा उरत नाही. तरीही मुख्याध्यापक बाईंनी आग्रह धरला आणि विषयही माझ्यावरच सोपवला, म्हणून गेली चाळीस वर्षे माझ्याबरोबर असलेला एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. तो मला या शाळेत येण्याच्या दोन महिने आधी पडला होता.

माझे बालपण झाशी जिल्ह्यातील गरौठा या गावी गेले. वडिलांची तिथे नोकरी होती. आजही कोणी विचारते, की तिकडे मराठी माणूस कसा? छत्रसालाने बाजीरावाला बुंदेलखंडाचा हिस्सा दिला, तेव्हापासून तिकडे मराठी घरे आहेत. गरौठ्याशेजारचे गुरसराय हे तर मराठी जहागिरदारांच्या गढीचे गाव. आमचे घर काही त्या जुन्या घराण्यांपैकी नव्हे. पण परक्या मुलखात आल्यासारखे आम्हाला कधी वाटले नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत बुंदेली, अशा तीन भाषा आम्ही एकाच दिवसात बोलत असू.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे मौनिया निघतात. गुराखी मंडळी मोरपिसांचे जुडगे हाती घेऊन गावोगाव नाचत जातात आणि त्या दिवशी मौन पाळतात. नाचणारे बोलत नाहीत, पण ढोलक बोलते, बासरी बोलते. त्यांतल्या एका वृद्ध वादकाला आम्ही मुले कक्का म्हणत असू. माझ्या हाती पहिली बासरी त्यांनीच दिली. ती सुरात होती की नव्हती, हे आज सांगता येणार नाही. तेव्हा मला ती सुरातच वाटत होती.

एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा सोयूझ यानातून अंतराळात गेले. आमच्या घरी रेडिओ होता. त्याभोवती गल्लीतले पंधरा-वीस जण बसले होते आणि कक्काही होते. मी त्यांना विचारले, की वर बासरी वाजेल का? ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, हवा असेल तर वाजेल, हवा नसेल तर फुंकणारा तरी कुठे असेल? त्या जूनमध्ये मी आजोळी आलो आणि आपल्या शाळेत पाचवीच्या वर्गात बसलो. माझ्या हिंदी वळणाच्या मराठीला वर्ग हसला. संगीताचे सर मात्र हसले नाहीत. दप्तरातून डोकावणारी बासरी पाहून त्यांनी एवढेच विचारले, “बैठक आहे का तुला?” मला वाटले, ते सतरंजीबद्दल विचारत आहेत.

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. पाठीचा कणा, मांडी, खांद्यांची ढिलाई, पोटातून येणारा श्वास हे सारे स्थिर असल्याशिवाय सूर स्थिर होत नाही, असे ते सांगत. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणून बसवली. ती बासरी धरायची तर बोटांच्या आधी शरीर तयार लागते. आम्ही मुले याला कंटाळत असू. सूर हवेत निर्माण होतो. त्याचा जमिनीशी काय संबंध, असा माझा पोरकट युक्तिवाद होता.

याचे उत्तर मला एका अमेरिकन विदुषींच्या अनुभवातून मिळाले. त्यांचे नाव एलेन ओचोआ. एप्रिल 1993 मध्ये त्या डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेल्या, तेव्हा त्यांच्या सामानात पाश्चात्त्य पद्धतीची बासरी होती. तिथे ती वाजवताना त्यांना पावले जमिनीवरच्या पट्ट्यांत अडकवून ठेवावी लागली. कारण विचित्र वाटेल असे आहे. वजनरहित अवस्थेत फुंकरीचा एवढासा जोरही वादकाला मागे ढकलू लागतो. मी घरी बसून ढोबळ हिशेब केला. बासरीतून जाणाऱ्या हवेचा रेटा जेमतेम एका ग्रॅमच्या वजनाइतका भरतो. पण अडवायला काही नसेल, तर साठ किलोचा माणूस तेवढ्यानेही मिनिटभरात फूटभर सरकेल. आलाप जरा लांबला, की कलावंत भिंतीला टेकलेला! म्हणजे आपण जमिनीवर वाजवतो, तेव्हा प्रत्येक फुंकरीमागे ही धरित्री आपल्याला धरून असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सरांची बैठक मला त्या दिवशी समजली. ते सांगायला गेलो, तेव्हा सर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग पाय बांधून का होईना, बैठक केलीच ना तिने?”

फुंकून वाजवायच्या वाद्यांचा अंतराळाशी संबंध त्याही आधीचा आहे. डिसेंबर 1965 मध्ये जेमिनी-6 यानात वॉली शिरा यांनी खिशातून तोंडात मावेल एवढा माउथ ऑर्गन काढला, टॉम स्टॅफर्ड यांनी घंटा किणकिणवल्या आणि पृथ्वीवरच्या नियंत्रकांना नाताळची धून ऐकू आली. पुढे डिसेंबर 2010 मध्ये कॅडी कोलमन या अंतराळ स्थानकावर गेल्या आणि मे 2011 पर्यंत तिथे राहिल्या. त्यांनी एकटीची बासरी नेली नाही. जेथ्रो टल या वाद्यवृंदाचे इयन अँडरसन यांची एक बासरी, आयर्लंडच्या मॅट मॉलॉय यांची एक, पॅडी मोलोनी यांची छोटी पिपाणी असा मित्रांचा ठेवाच त्यांच्याबरोबर होता. आपले वाद्य दुसऱ्याच्या हाती द्यायला वादक किती नाखूश असतो, हे मला विचारा. इथे तर ते पृथ्वीबाहेर द्यायचे होते.

युरी गागारीन यांच्या उड्डाणाला 12 एप्रिल 2011 रोजी पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने कोलमन यांनी वरून आणि अँडरसन यांनी रशियातून बाखच्या एका रचनेवर आधारलेली जुगलबंदी सादर केली. दोघांचे वादन जुळवून एक चित्रफीत तयार झाली. त्यात समोरासमोर बसून वाजवण्याची मजा नाही, असे कोणी म्हणेल. पण प्रत्यक्ष एकाच वेळी वाजवणे जवळजवळ अशक्यच होते. स्थानक आपल्या डोक्यावर अवघ्या चारशे किलोमीटरवर असले, तरी त्याचे संदेश छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांना वळसा घालून येतात. जायला पाव सेकंद, यायला पाव सेकंद. मध्यलयीतल्या तीनतालात एका मिनिटाला 120 मात्रा धरल्या, तर हा अर्धा सेकंद म्हणजे पुरी एक मात्रा झाली. साथीदार समेवर आला, असे तुम्हाला ऐकू येईल तेव्हा तुम्ही स्वतः दुसऱ्या मात्रेवर पोचलेले असाल. आमच्या क्षेत्रात एवढ्याशा कारणावरून माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

आणखी एक अडचण केवळ आपल्या संगीतातली आहे. ते स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते, म्हणजे दिवसातून सोळा वेळा सूर्योदय होतो. मग ललत कधी वाजवायचा? आलाप रंगेपर्यंत दुपार होणार आणि द्रुत लय धरेपर्यंत रात्र. शुभांशु शुक्ला 2025 च्या जून-जुलैत तिथे अठरा दिवस राहून आले, तेव्हा त्यांचा प्रवास पाहताना माझ्या मनात हाच विचार वारंवार येत होता. ते लखनौचे, म्हणजे माझ्या बालपणाच्या प्रांताचे. त्यामुळे जरा जास्त आपुलकीने मी ते सारे पाहिले. अंतराळ स्थानकावर जाणारे ते पहिले भारतीय, आणि राकेश शर्मांनंतर आपल्यापैकी कोणी पृथ्वीच्या कक्षेत जायला 41 वर्षे लागली. माझा प्रश्नही तेवढ्याच वर्षांचा झाला आहे.

मी स्वतः एका परदेशी अंतराळवीराला एकदाच भेटलो आहे. एका महाविद्यालयात त्यांचे व्याख्यान होते आणि आयोजकांच्या ओळखीने मला पुढे पाच मिनिटे मिळाली. लहान मुलासारखा मी खिशात प्रश्नांची चिठ्ठी घेऊन गेलो होतो आणि समोर उभा राहिल्यावर ती सापडेना. शेवटी एवढेच विचारले, की वर सतत ऐकू काय येते? ते म्हणाले, पंखे. हवा खेळती ठेवणारे पंखे रात्रंदिवस घुमत असतात. काही दिवसांनी तो आवाज ऐकू येईनासा होतो; पण तो थांबला, तर मात्र गाढ झोपेतला माणूसही दचकून उठतो. मी म्हणालो, आमच्याकडे त्याला तानपुरा म्हणतात. ते हसले आणि त्यांनी माझ्या पिशवीतली बासरी मागितली. पृथ्वीबाहेर राहून आलेल्या त्या माणसाने मनापासून फुंकर घातली आणि नुसती हवा निघून गेली. मला उगाच थोडा आनंद झाला, हे कबूल करतो.

त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट मी पुढे पडताळून पाहिली. स्थानकाच्या आतील हवा आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेइतक्याच दाबाची ठेवलेली असते, त्यामुळे तिथे बासरी इथल्यासारखीच बोलते. पण बाहेर काम करताना अंतराळवीर जो पोशाख घालतात, त्यात हवेचा दाब बराच कमी असतो. त्या विरळ हवेत साधी शीळसुद्धा वाजत नाही. माणूस आहे, श्वास आहे, ओठ आहेत, तरी सूर नाही. कक्कांच्या उत्तरात ही एवढी एक जागा सुटली होती.

पालकांपैकी काहींनी आल्या आल्या मला गाठून विचारले, की दहावीच्या वर्षी मुलांचा क्लास बंद करावा का? उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. घडले ते सांगतो. दहावीला माझी बासरी कपाटात गेली. वडिलांनी रागाने नव्हे, काळजीने ठेवली. दहावीनंतर बारावी आली आणि पहिले वर्षही तसेच गेले. चौथ्या वर्षी बासरी बाहेर काढली, तेव्हा वेळूला बारीक तडा गेला होता आणि माझ्या ओठांची फुंक हरवली होती. नवी बासरी आठ दिवसांत मिळाली. फुंक परत यायला दीड वर्ष लागले. खालचा षड्ज लावताना अजूनही ओठ कधी कधी कचरतात, ते त्या वर्षांमुळे असे मला वाटते. दहावीला मला पंचाहत्तर टक्के मिळाले होते. बासरी चालू असती तर किती मिळाले असते, हे ना वडिलांना ठाऊक होते ना मला.

एलेन ओचोआ भौतिकशास्त्र शिकल्या, विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टर झाल्या, प्रकाशशास्त्रातील शोधांचे स्वामित्वहक्क त्यांच्या नावावर आहेत आणि पुढे ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्राच्या त्या संचालक झाल्या. विद्यार्थिदशेत अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांनी त्यांना फारसे उत्तेजन दिले नाही, तरी त्या थांबल्या नाहीत. या सगळ्या काळात बासरी त्यांच्याबरोबर होती. बासरीमुळे त्या अंतराळवीर झाल्या, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. एवढे खरे, की वर नेण्याच्या मोजक्या वस्तू निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी बासरी निवडली.

आता आपल्या घरची एक आठवण. 1977 मध्ये व्हॉयेजर नावाची दोन याने निघाली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत पृथ्वीवरचे निवडक संगीत आहे. जपानच्या गोरो यामागुची यांची वेळूची बासरी आहे आणि भारताच्या वतीने एकच आवाज आहे, तो केसरबाई केरकरांचा. गोव्यातील केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. दुसरे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. ते यान आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर दूर आहे. तिथून निघालेला संदेश आपल्याला मिळायला जवळजवळ एक दिवस लागतो. तिथे ना हवा आहे ना बैठक, त्यामुळे तबकडी मुकीच आहे. सूर कोरलेले आहेत, एवढेच.

त्या तबकडीवर बाईंची भैरवी आहे. आपण मैफल संपवताना भैरवी गातो. निवडणाऱ्यांनी ती प्रवासाच्या आरंभीच देऊन टाकली. आपल्या रिवाजाप्रमाणे हे चुकलेच म्हणायचे. पण यान काही परत यायचे नाही, तेव्हा निरोपाचा राग आधीच गाऊन घेतला हे बरेच झाले, असेही मला कधी कधी वाटते.

मागच्या दिवाळीत पुष्कळ वर्षांनी गरौठ्याला जाऊन आलो. कक्का केव्हाच गेले. मौनियांच्या मेळ्यात त्यांचा नातू ढोलकीवर होता. बासरी वाजवणारे त्या मेळ्यात आता कोणी नव्हते. त्याने माझी बासरी ओळखली नाही, पण लखनौच्या अंतराळवीराबद्दल भरभरून बोलला. मौन सुटल्यावर त्याने विचारले, “वर बाजा वाजतो का हो?” मी त्याला ओचोआबाईंची, पायांतल्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. त्याला ती खरी वाटली नाही. मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो आणि मी वाजवू लागलो. त्याने ढोलकी धरली.

माझ्या मागे तानपुरा लागला आहे आणि तबलजी मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. या सभागृहात पाचवीच्या वर्षी मी पहिल्यांदा वाजवले, तेव्हा उभ्याने वाजवले होते आणि सूर पार हलला होता. आज सतरंजी घातलेली आहे. भैरवी वाजवतो.

(यानंतर वक्त्यांनी बासरीवर भैरवी सादर केली.)