वेग स्थानकाबाहेरही हवा



द्रुतगती रेल्वेवरच्या या परिषदेसाठी ठाण्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली. आता बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे आणि त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून जाणार आहेत.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानके बारा, वेग ताशी ३२० किलोमीटर. हे आकडे सर्वांना पाठ आहेत. रुळांमधल्या अंतराची चर्चा मात्र फारशी होत नाही. हा मार्ग १४३५ मिलिमीटरचा आणि भारतीय रेल्वेचे बाकीचे बहुतेक जाळे १६७६ मिलिमीटरचे. म्हणजे बुलेट ट्रेन जुन्या रुळांवर उतरून मनमाडला किंवा कल्याणला जाऊ शकणार नाही. प्रवाशालाच गाडी बदलावी लागेल. म्हणून या योजनेचे यश गाडी जिथे बदलायची त्या जागेवर ठरेल.

जपानपुढेही हाच पेच होता. तिथले जुने रूळ १०६७ मिलिमीटरचे. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन सुरू झाली तेव्हा ओसाकाचे नवे स्थानक, शिन-ओसाका, शहराच्या गजबजाटापासून दूर, योदो नदीपलीकडे होते. पण शहरातली मिदोसुजी भुयारी रेल्वे तिथवर आधीच पोचली होती, २४ सप्टेंबरला. बुलेट ट्रेनच्या एक आठवडा आधी! नियोजन याला म्हणतात.

स्पेनने दुसरी वाट काढली. १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिल हा नवा मार्ग १४३५ मिलिमीटरचा बांधला आणि चाकांमधले अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या जुन्या रुंद रुळांवरही नेल्या.

आपल्याकडे मात्र गाडी बदलावीच लागणार, आणि ठाण्याचे बुलेट स्थानक दिव्याजवळ म्हातार्डीला होणार आहे. दिव्यात सकाळची लोकल पकडताना काय झुंबड उडते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. डोंबिवलीची एखादी आजी हातात बॅग, बरोबर नातू, अशी म्हातार्डीला कशी पोचणार? अहमदाबादेपर्यंतचे तास वाचवून तिची दमछाक रिक्षाच्या रांगेत होणार असेल, तर त्या वेगाचा तिला उपयोग नाही.

जमिनीचा प्रश्नही याच तोलाचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, भूसंपादन रखडले. ज्यांची शेते मार्गात गेली त्यांचे म्हणणे आखणीच्या आधी ऐकायला हवे होते. मुंबई-नागपूर आणि मुंबई-पुणे-हैदराबाद या मार्गांचे अभ्यास हाती घेतले गेले आहेत. तिथे तरी आधी ऐकणे आणि मग आखणे हा क्रम उलटा होऊ नये.

स्वागत समितीची परिषदेच्या प्रतिनिधींना एकच विनंती आहे. या परिषदेच्या ठरावांत प्रत्येक प्रस्तावित स्थानकासाठी लोकल, मेट्रो आणि एसटीची जोडणी बुलेट ट्रेनच्या आधी पूर्ण करण्याची अट घालावी, आणि त्या कामाची तारीखही ठरावातच लिहावी.