गालिचा धुण्याचा भाव
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव म्हटला की जुन्या आठवणी सांगायच्या असतात. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी छान केलं. मला समितीने दिलेला विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा आहे. या सभागृहातला गालिचा! तो धुवायचा की काढून टाकायचा, आणि धुवायचा तर किती पैसे द्यायचे, हे पुढच्या सभेत ठरायचं आहे. तीन कोटेशनं आली आहेत. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत तिपटीचा फरक आहे. बँकेत अशा कोटेशनांचे तुलनातक्ते करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून ते कागद माझ्याकडे आले.

आधी मळ म्हणजे काय ते पाहू. घरच्या बैठकीतला गालिचा आणि हा गालिचा यांत फरक आहे. घरी पाच-सात माणसं वावरतात, इथे एका मुंजीला दोनशे. या मळाचे चार प्रकार आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोरडी धूळ आणि बारीक वाळू. ती तळाशी बसते आणि पाय पडला की धाग्याला कानशीसारखी घासते. दुसरा तेलकटपणा: पायांचा, बुफेतल्या भज्यांचा, रस्त्यावरच्या डांबराचा. तो धुळीला धरून ठेवतो. तिसरा डागांचा: चहा, सरबत, हळद. चौथा कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे मागच्या धुलाईत नीट न काढलेला साबण. साबण चिकट असतो, म्हणून असा धुतलेला गालिचा महिन्याभरात पहिल्यापेक्षा काळा दिसतो आणि आपण म्हणतो, “गालिचाच वाईट.”

हळदीबद्दल एक सांगतो, भगिनींना ते ठाऊक असेलच. हळदीच्या डागावर धुण्याची पावडर टाकली की डाग लाल होतो. पावडर क्षारयुक्त असते आणि क्षारात हळदीचा रंग बदलतो. तेव्हा कार्यक्रमात काही सांडलं तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका आणि पावडर तर अजिबात टाकू नका.

आता धुण्याची रीत. आधी व्हॅक्यूम, तोही सावकाश, दोन्ही दिशांनी. कोरडी धूळ काढल्याशिवाय पाणी टाकलं तर तिचा चिखल होतो. मग औषधाचा फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग ब्रशाने घासायचं. मग मशीनने गरम पाणी आत सोडून लगेच ओढून घ्यायचं. ओढलेलं पाणी काळं येत असेल तोवर काम संपलेलं नाही. शेवटी पंखे लावून वाळवायचं. गालिचा लोकरीचा असेल तर औषध सौम्य लागतं. आपला कृत्रिम धाग्याचा आहे. कडेचा एक धागा काढून जाळून पाहिला. त्याला केस जळाल्याचा वास आला नाही आणि तो वितळून कडक मणी झाला. लोकर असती तर केसांचा वास येऊन चुरगळणारी राख झाली असती.

सफाईच्या शास्त्रात 1959 पासून हर्बर्ट झिनर यांच्या नावाचं एक वर्तुळ सांगतात. त्याचे चार भाग आहेत: औषध, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केलं तर बाकीच्यांनी ती कसर भरून काढावी लागते. आपल्या कोटेशनांतला फरक मला या वर्तुळामुळे कळला.

सभागृह 50 बाय 30, म्हणजे 1500 चौरस फूट. पहिल्याचा दर चौरस फुटाला 4 रुपये, एकूण 6,000. दुसऱ्याचा 8 रुपये, एकूण 12,000. तिसऱ्याचा 12 रुपये, एकूण 18,000. तिघांनाही फोन करून मी एकच प्रश्न विचारला: “माणसं किती आणि तास किती?” पहिला म्हणाला, दोन माणसं, चार तास. दुसरा, तीन माणसं, आठ तास. तिसरा, तीन माणसं, दहा तास.

आता भागाकार करा. पहिल्याचे 8 माणूस-तास, म्हणजे तासाला 750 रुपये. दुसऱ्याचे 24, म्हणजे तासाला 500. तिसऱ्याचे 30, म्हणजे तासाला 600. सर्वांत स्वस्त दिसणारा कामाच्या हिशेबात सर्वांत महाग निघाला! चौरस फुटाचा दर थोड्या मळलेल्या गालिच्याला ठीक आहे. इतक्या मळलेल्याला क्षेत्रफळ तेवढंच राहतं, कष्ट मात्र कितीतरी वाढतात.

शिवाय पहिल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरं आहेत. खुर्च्या आणि टेबलं हलवण्याचे 1,500. प्रत्येक मोठ्या डागाचे 100. मी डाग मोजले, 25 भरले. म्हणजे आणखी 2,500. बेरीज 10,000. तिघांवरही 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे पहिला 11,800, दुसरा 14,160 आणि तिसरा 21,240. तिसऱ्याने डाग न पडण्याचा लेप धरला आहे. तो वाईट नाही, पण इतक्या झिजलेल्या गालिच्यावर तो घ्यावा असं मला वाटत नाही.

माझा कौल दुसऱ्याला आहे, पण एका अटीवर. आधी दारापाशी, जिथे सर्वांत जास्त वर्दळ आहे तिथे, तीन फूट बाय तीन फूट नमुना धुऊन दाखवावा. तो लगेच पाहायचा नाही, दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर पाहायचा. ओला गालिचा नेहमी स्वच्छ दिसतो. वाळताना तळाचा मळ पाण्याबरोबर वर चढतो आणि गेलेला डाग परत उमटतो.

आणखी एक, अपेक्षा बेताची ठेवा. दारापासून स्टेजपर्यंतचा पट्टा धुतल्यावरही थोडा करडा दिसेल. तिथे मळ राहिलेला नसेल, धागाच झिजलेला आहे. “नव्यासारखा करून देतो” म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

गालिचा काढून टाका, असं म्हणणारे सभासदही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पावसाळ्यात ओल धरते, कुबट वास येतो. पण सकाळी इथे ज्येष्ठ मंडळी योगासनं करतात, संध्याकाळी लहान मुलं खेळतात. खालच्या गुळगुळीत फरशीवर कोणी घसरलं तर त्याचा खर्च कोणत्या कोटेशनात धरणार? खुर्च्या ओढण्याचा आवाज खाली राहणाऱ्यांनी का सोसायचा? म्हणून माझं मत, आणखी तीन-चार वर्षं तो वापरावा. मात्र धुलाई दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावी, पावसाळ्यात नाही.

आता पैसे कोणी द्यायचे? मेंटेनन्समधून दिले तर ज्यांच्या घरचं एकही कार्य इथे होत नाही त्यांनाही भार पडतो. वर्षाला एक मोठी धुलाई 14,160 ची आणि एक हलकी निम्म्या खर्चाची धरली तर 21,240 होतात. गेल्या वर्षी सभागृह 40 वेळा भाड्याने गेलं. भागाकार केला तर एका कार्यक्रमाला 531 रुपये. सभागृहाच्या भाड्यात साडेपाचशे रुपये वाढवले की मेंटेनन्सला हात लावावा लागणार नाही. दाराबाहेर एक आणि आत एक असं लांबलचक पायपुसणं, आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम आणि बुफेच्या टेबलांखाली जाड सतरंजी, एवढं केलं तर खर्च आणखी उतरेल.

शेवटी एकच. आपण घासाघीस जरूर करावी, तो आपला हक्क आहे. पण ती औषधाच्या नावावर, लेपावर, बारीक अक्षरांवर करावी. गुडघ्यांवर बसून आठ तास घासणाऱ्या माणसाच्या तासावर करू नये. तो तास कापला की मळ आपल्याच पायाखाली राहतो.

पुढच्या सभेला सर्वांनी यावं आणि हे आकडे स्वतः तपासून मत द्यावं, ही विनंती.