८७, ८९ की ९३? गॅस पंपावरचा हिशेब

आजचा विषय आहे गॅस. स्वयंपाकाचा नव्हे, गाडीचा. भारतातून आलेल्या आईवडिलांना आपण "येता येता गॅस भरून आणतो" म्हणालो की अजून त्यांच्या डोळ्यांसमोर सिलिंडरच येतो. पण दर वाढायला लागले की हा विषय घराघरांत निघतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेतला सरासरी दर पहिल्यांदाच गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत सगळे एकच बोलत होते: कोणाच्या गावात किती दर आहे! दर वर गेले की आपण दोन टोकांना जातो. काही जण "गाडीला चांगलंच खायला घालायचं" म्हणून महागडं प्रीमियम भरत राहतात, तर काही जण प्रीमियमच लागणाऱ्या गाडीत साधं भरायला लागतात. दोन्हीकडे पैसे जातात. म्हणून आज आधी या आकड्यांचा अर्थ पाहू, मग हिशेब करू.

पंपावर पिवळ्या पट्टीवर जो आकडा असतो तो ऑक्टेनचा. बहुतेक ठिकाणी रेग्युलर ८७, मधलं ८९ आणि प्रीमियम ९१ किंवा ९३. कोलोरॅडोसारख्या उंचावरच्या राज्यांत ८५ सुद्धा दिसतं. तिकडे फिरायला गेलात तर स्वस्त दिसलं म्हणून ते भरू नका, आजच्या बहुतेक गाड्यांना किमान ८७ लागतं.

हा आकडा ताकदीचा नाही, सहनशक्तीचा आहे. इंजिनात हवा आणि इंधन दाबलं जातं आणि मग ठिणगी पडते. दाब जास्त झाला तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच काही इंधन आपोआप पेट घेतं. त्यातून टकटक असा आवाज येतो आणि हे बराच काळ होत राहिलं तर इंजिनाला इजा होते. ऑक्टेन जास्त म्हणजे इंधन हा दाब जास्त सहन करतं, एवढंच. एका गॅलनमधली ऊर्जा जवळपास तेवढीच असते. ज्या इंजिनात दाब मुळातच कमी आहे, त्याला ९३ पाजून काही मिळत नाही.

नव्यानं आलेल्यांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. भारतात साध्या पेट्रोलचा आकडा ९१ ऐकलेला असतो. इथे ८७ पाहिलं की वाटतं, हे हलकं दिसतंय, निदान ९१ तरी भरू. पण दोन देशांतली मोजण्याची पद्धत वेगळी आहे. भारतात एका चाचणीचा आकडा देतात, इथे दोन चाचण्यांची सरासरी. भारतातलं ९१ आणि इथलं ८७ साधारण एकाच पातळीचं आहे. म्हणजे इथलं रेग्युलर घेणं म्हणजे हलकं घेणं नव्हे.

मग आपल्या गाडीला काय हवं हे कसं कळणार? गॅस भरायच्या झाकणाच्या आतली पट्टी वाचा, किंवा गाडीचं पुस्तक उघडा. तिथे तीनपैकी एक गोष्ट असते.

पहिली, ८७. कॅमरी, कोरोला, अॅकॉर्ड, आपल्या बहुतेक मिनीव्हॅन यातच येतात. टर्बो इंजिन म्हणजे प्रीमियम, असंही नाही. होंडाची १.५ लिटर टर्बो सीआर-व्ही ८७ वरच चालते. अशा गाडीत रेग्युलरच भरा. 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१६ मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा रेग्युलरच्या गाडीत प्रीमियम भरून ना ताकद वाढली ना मायलेज. आणि अशा विनाकारण भरलेल्या प्रीमियमवर देशानं वर्षभरात २ अब्ज डॉलरहून जास्त खर्च केले, असा त्यांचा अंदाज होता.

दुसरी, 'प्रीमियम रेकमेंडेड', म्हणजे शिफारस. त्याच संस्थेच्या २०१७ च्या चाचण्यांत अशा गाड्यांचं मायलेज प्रीमियमनं सरासरी २.७ टक्के सुधारलं. दरातला फरक यापेक्षा बराच मोठा असतो. म्हणून रोजच्या धावपळीला रेग्युलर चालेल. उन्हाळ्यात भरलेली गाडी घेऊन डोंगर चढायचा असेल तर प्रीमियम भरा.

तिसरी, 'प्रीमियम रिक्वायर्ड', म्हणजे आवश्यक. इथे काटकसर नको. आजच्या गाड्यांत टकटक ओळखणारा सेन्सर असतो, तो ठिणगीची वेळ मागे ढकलून इंजिन सांभाळून घेतो, पण ताकद आणि मायलेज दोन्ही घटतात. कायम तसंच चालवलं तर धोका आपला. सेकंडहँड जर्मन गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्या मंडळींनी हे झाकण सौद्याच्या आधी उघडून पाहावं. तो फरक गाडी असेपर्यंत भरायचा आहे.

आता आकडे. वर्षाला १२ हजार मैल आणि गॅलनला ३० मैल धरले तर ४०० गॅलन लागतात. प्रीमियम गॅलनमागे ८० सेंट महाग असेल तर वर्षाचे ३२० डॉलर. घरात दोन गाड्या असतील तर ६४०. मुंबईच्या तिकिटाला चांगला हातभार लागला!

स्वस्त पंपासाठी लांब जाण्याचाही हिशेब करून ठेवा. १० सेंट स्वस्त आणि १२ गॅलन भरले, तर वाचले १ डॉलर २० सेंट. त्यासाठी पाच मैल जाऊन पाच मैल परत आलात, तर ३० च्या मायलेजनं गॅलनचा तिसरा हिस्सा जळाला. दर साडेचार डॉलर असेल तर दीड डॉलर गेला. वर अर्धा तास. वाटेवरचाच पंप असेल, किंवा वाणसामानाला तिकडे जायचंच असेल, तर जरूर भरा.

आपण गाडी पाहिली की पहिला प्रश्न विचारतो, "अॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न थोडा फसवा आहे. ड्यूक विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या दोन प्राध्यापकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवून दिलं. समजा तुमची जुनी व्हॅन १५ देते आणि सेडान ३० देते. दोन्ही वर्षाला १२ हजार मैल चालतात. व्हॅन बदलून २० ची घेतली तर ८०० गॅलनचे ६०० होतात, म्हणजे २०० वाचले. सेडान बदलून ४० ची हायब्रिड घेतली तर ४०० चे ३००, म्हणजे १०० वाचले. पाच मैलांची सुधारणा दहा मैलांपेक्षा दुप्पट कामाची ठरली! म्हणून "गॅलनमध्ये किती मैल" याऐवजी "शंभर मैलांना किती गॅलन" हे विचारा. नव्या गाडीच्या काचेवरच्या सरकारी पट्टीवर हा आकडाही दिलेला असतो. गाडी बदलायची नसेल तरी यातून एक घरगुती निर्णय निघतो. ज्याचं ऑफिस लांब आहे त्यानं कमी खाणारी गाडी न्यावी, मग ती कोणाच्याही नावावर असो. किल्ल्यांची ही अदलाबदल फुकट आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. हायवेवर ताशी ५० मैलांच्या पुढे मायलेज झपाट्यानं घसरतं. टपावरची मोठी पेटी प्रवास संपला की काढून ठेवा, हायवेच्या वेगाला ती १० ते २५ टक्के मायलेज खाते. टायरमधली हवा महिन्यातून एकदा तपासा. मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना इंजिन बंद ठेवा, उभी गाडी तासाला पाव ते अर्धा गॅलन जाळते.

काही पंपांवर 'अनलेडेड ८८' स्वस्त दिसतं. त्यात इथेनॉल १५ टक्क्यांपर्यंत असतं. २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना सरकारची परवानगी आहे, तरी आपल्या गाडीचं पुस्तक पाहा. मोटरसायकल आणि गवत कापायच्या यंत्रात ते कधीही घालू नका. इंजिन स्वच्छ राहावं म्हणून प्रीमियम भरणाऱ्यांनी त्याऐवजी पंपावर 'टॉप टियर'ची खूण शोधावी. त्या गॅसमध्ये सफाईची द्रव्यं जास्त असतात, आणि ती रेग्युलरमध्येही असतात.

नव्यानं शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी एक खास गोष्ट. पंपावर डेबिट कार्ड लावलं की ३० डॉलरचा गॅस घेतला तरी खात्यातली बरीच मोठी रक्कम काही काळ अडकून पडू शकते. महिनाअखेरीला खात्यात दीडदोनशे असतील आणि त्याच दिवशी भाडं जाणार असेल, तर पंचाईत होते. त्यापेक्षा आत काउंटरवर जाऊन "अमुक पंप, ३० डॉलर" असं सांगून आधी पैसे द्या. पाटीवरचा मोठा दर रोखीचा आहे का, तेही पाहा, कार्डाचा दर बरेचदा जास्त असतो. न्यू जर्सीत गॅस पंपावरचा माणूसच भरून देतो, तिथे "रेग्युलर" हा शब्द स्पष्ट म्हणा.

शेवटचं सांगतो. दर वाढले की आपण पहिली काट मारतो ती शनिवारच्या मराठी शाळेवर, मंडळाच्या तालमीवर, एकट्या राहणाऱ्या काकाकाकूंकडे जाण्यावर. कारण ऑफिस टाळता येत नाही. ते ३२० डॉलर आधी विनाकारण भरलेल्या प्रीमियममधून काढा, या फेऱ्यांमधून नको. शाळेला जाणारी चार घरं एकाच भागात असतील तर आळीपाळीनं गाडी काढा. वाटेत मुलं आपसात मराठी बोलतील, हा वरचा नफा.

तेव्हा आज रात्री गाडीचं झाकण उघडून ती पट्टी वाचाच. भेटू पुढच्या कार्यक्रमात. जपून चालवा. नमस्कार.